सरकीची पेंड आणि बंद माइक

पुण्यात लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगतो, कायदा शिकवतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, क्रिमिनल का? कॉमर्शियल लॉ म्हटलं की समोरचा जिलबीकडं वळतो. खून नाही, घटस्फोट नाही, नुसती बिलं आणि चलनं. माझी तीस वर्षं त्यातच मजेत गेली.

माझा लाडका खटला खामगावचा. 1959 च्या जुलैत अहमदाबादचे व्यापारी आणि खामगावचे केडिया यांचा सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर ठरला. माल काही गेला नाही. दावा लागला अहमदाबादेत. केडियांचं म्हणणं, मी 'हो' म्हणालो ते खामगावात बसून, मग अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय? सौदा टपालानं झाला असता तर त्यांचं बरोबर होतं. होकाराचं पत्र जिथं पेटीत पडतं तिथं करार होतो. पण 1965 साली सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ठरवलं की फोनला हा नियम लागत नाही. होकार ज्याच्या कानावर पडतो, करार त्याच्या गावी. न्यायमूर्ती हिदायतुल्लांना हे पटलं नाही. 1872 च्या करार कायद्याचे शब्द जसेच्या तसे वाचले तर करार खामगावचाच, असं त्यांचं मत. मी दरवर्षी वर्गात त्यांची वकिली करायचो, आणि अंमळ तावातावानं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये हाच खटला घरून शिकवायची वेळ आली. लॅपटॉप साबुदाण्याच्या डब्यावर, मागं कुकर. वीस मिनिटं हिदायतुल्लांची बाजू लढवली आणि चॅटकडं पाहिलं. ओळीनं एकच मजकूर, 'सर, आवाज येत नाहीये.' माझा माइक बंद होता! बहुमताचं का बरोबर होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

ऑनलाइनचं सगळंच गोड नाही. ऐकणारा आणि झोपलेला, दोघांचा चौकोन सारखाच काळा. पण नंतर मी रेकॉर्ड केलेले धडे द्यायला लागलो आणि प्रश्नांची जातच बदलली. मार्केट यार्डात वडिलांचा गाळा असलेली एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिनं रात्री साडेअकराला लिहिलं, 'सर, पप्पा व्हॉट्सअॅपवर भाव टाकतात, समोरून नुसता अंगठा येतो. सौदा झाला का?'

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात 2023 साली नेमक्या याच वादाचा निकाल लागला होता. जवसाच्या कराराचा फोटो आला, शेतकऱ्यानं अंगठा पाठवला, माल मात्र दिला नाही. तो अंगठा कोर्टानं सही म्हणून धरला, कारण याच दोघांचे आधीचे सौदे 'ओके', 'यप' एवढ्यावरच झाले होते. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण पुरावा कशाचा लागेल ते त्यातून समजतं. तसं मी तिला लिहिलं.

तिचं उत्तर आलं, 'पप्पा दर रविवारी चॅट डिलीट करतात.'

मी लिहिलं, पप्पांना आत्ता उठव.