जायफळाची बेटं

नमस्कार श्रोतेहो.

होळीला पुरणावर किसलेलं जायफळ, श्रीखंडातलं जायफळ, बाळगुटीसाठी सहाणेवर दिलेले त्याचे दोन वेढे. हे सगळं आपल्याला इतकं घरचं वाटतं, की ते बी मुळात कुठलं, हा प्रश्न सहसा पडत नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला जातीफल म्हटलं आहे, म्हणजे आपली ओळख फार जुनी. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारात येणारं जवळजवळ सगळं जायफळ एकाच ठिकाणचं असायचं. ते ठिकाण म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागातली बांदा बेटं. नैरा, लोंथोर, आय, रुन, रोझेंगाइन आणि मध्ये गुनुंग आपी हा जिवंत ज्वालामुखी. त्यातलं रुन तर जेमतेम तीन किलोमीटर लांब. या बेटांवरच्या माणसांचं युरोपी व्यापाराने काय केलं, ते आज ऐकूया.

आधी झाड समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती घडतं. जायफळात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी पेरलं तर यातलं कोणतं उगवलंय, ते फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि फुलं यायला सहा ते आठ वर्षं लागतात. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. बाकीचे नर इतकी वर्षं वाढवून शेवटी तोडायचे. झाडाला कडक ऊन सोसत नाही, वाराही नाही. म्हणून बांदाचे लोक कनारीची उंच झाडं राखत आणि त्यांच्या सावलीत जायफळ वाढवत. फळ पिकलं की जर्दाळूसारखं पिवळं होतं आणि उकलतं. आत गडद तपकिरी कवचाचं बी आणि त्यावर चिकटलेली लालभडक जाळी. ही जाळी म्हणजेच जायपत्री. एका फळातून दोन मसाले.

काढणी लांब बांबूने होते. त्याच्या टोकाला छोटी टोपली असते आणि फळ अलगद तिच्यात पडतं. खाली ओल्या जमिनीत राहिलं तर बुरशी धरते. जायपत्री हाताने सोडवून, चपटी करून उन्हात वाळवतात. तिचा लाल रंग उतरत केशरी-पिवळा होतो. बी मात्र बांबूच्या मांडवावर पसरून खाली मंद धूर देतात आणि अधूनमधून हलवत सहा-आठ आठवडे ठेवतात. आच वाढली तर आतली चरबी वितळून बी खराब होतं, घाई केली तर ओल राहून बुरशी येते. कानाशी हलवल्यावर आतला गर खुळखुळ वाजला, की कवच फोडायला घ्यायचं. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या बांदाच्या घराघरात होतं.

बेटांवर राजा नव्हता. ओरांग काया म्हणजे गावोगावचे प्रतिष्ठित लोक एकत्र बसून ठरवत. भातशेती नव्हती. तांदूळ जावा बेटाकडून आणि सुलावेसी बेटावरच्या मकास्सर बंदराकडून यायचा, सागोच्या झाडाचं पीठ आसपासच्या बेटांवरून, आणि कापड आपल्याकडून, गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं. पश्चिमेच्या मोसमी वाऱ्यावर गलबतं येत आणि वारा उलटला की जायफळ भरून परतत. म्हणजे जायफळ विकलं तरच चूल पेटणार, आणि तेही तांदूळ आणणाऱ्याला विकलं तर. हे गणित ध्यानात ठेवा, कारण घात नेमका इथे झाला.

पोर्तुगीजांनी 1511 साली मलाया किनाऱ्यावरचं मलाक्का हे व्यापारी बंदर घेतलं आणि 1512 मध्ये त्यांची जहाजं बांदाला पोचली. त्यांनी माल घेतला, पण तिथे पाय रोवणं त्यांना जमलं नाही. डच आले 1599 मध्ये. 1602 साली त्यांनी काही ओरांग कायांकडून करार करून घेतला, की जायफळ आणि जायपत्री ठरलेल्या भावाने फक्त डचांनाच विकायची. सगळ्या गावांच्या प्रमुखांनी त्यावर सही केली नव्हती. ज्यांनी केली, त्यांच्या रीतीत एखाद्या व्यापाऱ्याशी सलोखा म्हणजे बाकीच्यांना दार बंद, असा अर्थ होत नव्हता. शिवाय डच जहाजांतून येणारं जाड लोकरी कापड विषुववृत्ताजवळच्या माणसांच्या काय कामाचं? तांदूळ पुरेसा येईना. लोक पूर्वीसारखेच जावा, मकास्सरच्या व्यापाऱ्यांना आणि इंग्रजांना माल देत राहिले. डच ईस्ट इंडिया कंपनीने त्याला करारभंग ठरवलं. त्या माणसांना भुकेने मरायचं नसेल तर तो करार पाळणं शक्यच नव्हतं, हे मला इथे स्पष्ट सांगावंसं वाटतं.

1609 मध्ये अ‍ॅडमिरल पीटर व्हेरहूफ नैरा बेटावर किल्ला बांधायला उतरला. बांदाच्या लोकांनी त्याला बोलणीसाठी बोलावलं आणि दबा धरून सोबत्यांसह मारलं. तरी किल्ला झालाच. त्याचं नाव नासाउ. त्या मोहिमेत यान पीटरझोन कून नावाचा एक तरुण व्यापारी होता. बारा वर्षांनी, 1621 मध्ये, तो गव्हर्नर जनरल होऊन परत आला. बरोबर दीड हजारांवर डच सैनिक आणि पगारी जपानी योद्ध्यांची तुकडी. लोंथोर पडलं. गावं जाळली गेली. लोक डोंगरात पळाले आणि तिथे उपासमारीने मेले. 8 मे 1621 रोजी नासाउ किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात 44 ओरांग काया उभे करून जपानी तलवारबाजांकडून त्यांना ठार करवलं. 789 जणांना, त्यांत म्हातारी माणसं, बायका आणि मुलं होती, गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेलं. त्याआधी बेटांवर अंदाजे 15,000 वस्ती होती. नंतर तिथे हजारभर उरली.

मग कंपनीने बागांचे 68 तुकडे पाडले. त्यांना म्हणत पेर्क. लोंथोरवर 34, आयवर 31, नैरावर 3. ते कंपनीच्या जुन्या नोकर-सैनिकांना दिले. राबायला बाहेरून गुलाम आणले. बाग घेणाऱ्याने सगळा माल कंपनीलाच ठरलेल्या भावाने घालायचा, कंपनीने तांदूळ आणि गुलाम पुरवायचे. पण यातल्या कुणालाच जायफळ कसं राखायचं ते ठाऊक नव्हतं. ते शिकवायला उरलेले बांदाचेच लोक लागले, आता गुलाम म्हणून, आपल्याच आजोबांच्या झाडांखाली.

रुनवर इंग्रज ठाण मांडून होते. डचांनी तिथली जायफळाची झाडंच तोडली. 1667 च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी रुनवरचा हक्क सोडला आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिलं. त्या तहाच्या मेजावर बांदाचा माणूस नव्हता.

बी कुठे रुजू नये म्हणून ते चुन्याच्या निवळीत बुडवून पाठवत. चुन्याने किडीलाही आळा बसतो. पण मोठी पारवी जायफळ गिळून दुसऱ्या बेटांवर बी टाकत, त्यांना कोण अडवणार? 1770 मध्ये पिएर प्वाव्हर या फ्रेंच अधिकाऱ्याने रोपं मॉरिशसला नेववली. पुढे इंग्रजांनी बांदा ताब्यात घेतल्यावर पेनांग आणि श्रीलंकेत लागवड झाली आणि मक्तेदारी संपली.

या कंपनीची एक खूण आपल्या कोकणात आहे, वेंगुर्ल्याची डच वखार. 1637 पासून डच तिथे होते, गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवून. आणि आज कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांत जायफळ उभं आहे. कनारीची जागा तिथे माडाने घेतली आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती दिल्या आहेत. मादी झाडाची फांदी घेऊन कलम बांधलं, की नर-मादीची ती आठ वर्षांची टांगणी राहत नाही. रोप घेताना कलम मादीचं आहे ना, एवढं विचारून घ्या, आणि परागासाठी बागेत थोडे नरही ठेवा.

बांदा बेटांवर आज मलायचीच एक बोली चालते. मूळ भाषा तिथे कुणी बोलत नाही. 1621 मध्ये काही माणसं होड्यांतून पूर्वेला केई बेटांकडे निसटली होती. केई बसार बेटावर बांदा एली आणि बांदा एलात ही त्यांची दोन गावं आहेत. स्वतःला ते वांदान म्हणतात, आणि बांदाची ती जुनी भाषा त्या दोन गावांत अजून बोलली जाते.