पोस्टरवर सचिवांचा फोटो कशाला?

संयोजकांनी मला विषय दिलाय ‘संशोधन पोस्टर : तयारी आणि सादरीकरण’. सादरीकरणाकडे मी येणारच आहे, पण आधी जरा फ्लेक्सवाल्याच्या दुकानात जाऊन येऊ.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला उतरायचंय, म्हणजे एक मीटर बाय एक मीटर हे पोस्टरचं माप पाठच असेल. परदेशी परिषदांत बऱ्याचदा ए-झिरो आकाराचा कागद चालतो, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. गुणाकार करून बघा, तोही एक चौरस मीटरच भरतो. एवढी जागा तुमच्या हक्काची. पण मिळते का? वर डावीकडे विद्यापीठाचा लोगो, उजवीकडे कॉलेजचा, मध्ये संस्थेचं नाव, ब्रीदवाक्य, नॅकची श्रेणी. ‘भावी नगरसेवक’ लिहायचंच काय ते बाकी राहतं! (हसताय, म्हणजे तुमच्याकडेही हेच आहे.)

एका ठिकाणी मी परीक्षक होतो. एका मुलीचं काम फार नेटकं होतं. कीटकनाशकाच्या वेगवेगळ्या मात्रांत कांद्याची मुळं वाढवायची, मुळांची टोकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली विभाजन होणाऱ्या पेशी मोजायच्या. मात्रा वाढली की विभाजन कमी होत गेलेलं. पण पोस्टरवर सगळ्यात ठळक काय, तर संस्थेच्या सचिवांचा फोटो. आदल्या रात्री कुणीतरी दुकानात फोन करून घालायला लावला. त्याला जागा हवी म्हणून ऑपरेटरने तिचा आलेख पोस्टकार्डाएवढा केला. आणि फाइल नेलेली पॉवरपॉइंटची. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फाँट नव्हता, त्यामुळे ‘µ’चा झाला ‘m’. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम, हजारपट!

माझ्या शेजारचे परीक्षक म्हणाले, “एवढ्या डोसात कांदा जगला कसा?” ती घाबरली नाही. पिशवीतून प्रयोगाची वही काढली, द्रावण कसं केलं ते पान उघडून दाखवलं आणि जागच्या जागी पेनाने दुरुस्ती केली. मी तिथेच ठरवलं, गुण हिलाच. सचिवांचा फोटो मात्र अगदी स्पष्ट आला होता, त्याला फाँट लागत नाही ना.

तेव्हा दुकानात पीडीएफ न्या, फाँट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच घालून. पेशींचे फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, ते दाबले जाऊन धुरकट होतात. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून. आणि फोटोवर स्केल बार, म्हणजे माप दाखवणारी रेघ, हवाच, नाहीतर बघणाऱ्याला ती कांद्याची पेशी की फरशीची नक्षी, कसं कळणार?

आता माझं खरं म्हणणं. सगळ्यात मोठी अक्षरं निष्कर्षाची हवीत. आपल्याकडे मथळा असतो ‘अमुकच्या तमुकवरील परिणामाचा अभ्यास’. अहो, अभ्यास केलात हे दिसतंय, सापडलं काय? अमेरिकेत माइक मॉरिसन नावाच्या मानसशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्याने २०१९ साली व्हिडिओ काढून हेच मांडलं : मधोमध एक साधं वाक्य, तपशील कडेला, बाकीचं वाचायला क्यूआर कोड. मला ते निम्मंच पटतं. आपले परीक्षक उद्दिष्टं आणि पद्धत शोधतात, ती कोपऱ्यात कोंबून चालणार नाही. पण ‘मात्रा वाढली तशी पेशींची विभाजनं घटली’ एवढं लांबून वाचता आलं पाहिजे...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर सादरीकरण. पोस्टर वाचून दाखवू नका, परीक्षकांना वाचता येतं. पाठ त्यांच्याकडे, तोंड पोस्टरकडे, असं उभं राहू नका. दोन मिनिटांत तुमच्या संशोधनाचा प्रश्न, तुम्ही काय केलं, काय मिळालं, बोट आलेखावर. आधी अक्ष सांगा, मग रेषा. आलेखावर एरर बार, म्हणजे आकडा किती मागेपुढे होतो ते दाखवणारी रेघ, काढला असेल तर तो कशाचा, प्रमाण विचलनाचा (नमुन्यांतला फरक) की प्रमाण त्रुटीचा (सरासरीतली अनिश्चितता), हे विचारतातच. नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट, कोणता, नमुने किती, हे जिभेवर हवं. दोघांचं काम असेल तर कोण काय बोलणार ते आधी ठरवा, नाहीतर एक बोलतो आणि दुसरा स्टँड धरून उभा. उत्तर येत नसेल तर ‘हे आम्ही तपासलेलं नाही’ म्हणा, आणि तपासायचं झालं तर कसं तपासाल ते सांगा. मार्गदर्शकांकडे बघू नका, ते चहाला गेलेले असतात.

संदर्भ कसे द्यायचे ते राहिलं. चहाच्या वेळी विचारा.