बारा नव्हे, साडेबारा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते मुलांना आकाश आणि पृथ्वी शिकवायला इंटरनेटवर काय काय फुकट मिळतं, याबद्दल. पण सुरुवात मी एका पहारीपासून करणार आहे. होय, पहार. खड्डा खणायची, लोखंडाची.

काही वर्षांपूर्वी मला शून्य सावलीच्या दिवसाचा नाद लागला. वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी नेमका आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडात शिरते. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यातच हे घडतं. दिल्लीकरांच्या नशिबी हे नाही, आपल्या आहे. कोल्हापूरला पहिला योग मेच्या पहिल्या आठवड्यात, दुसरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आता ऑगस्टात आपण सगळे पंचगंगा किती फुटांवर आली ते बघत असतो, सूर्य कुठला दिसायला! म्हणून मे.

अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियानं यासाठी सोय केलीय. नकाशावर गाव शोधायचं, तारीख मिळते. मी शोधलं, ६ मे मिळाली, वहीत लिहिली. शाळेला सुट्टी लागलेली, तरी पोरांना निरोप धाडले. पंधरा-वीस जण आले, दोघांच्या आज्या आल्या, मुख्याध्यापकही आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कारण फोटो काढणार असं मी सांगून ठेवलं होतं. शिपाईमामांनी पहार आणली, पाच फुटी. ओळंबा धरून मैदानात सरळ उभी केली, बुडाशी माती ठोकली. मी छोटंसं भाषणही ठोकलं. म्हटलं, बघा, बाराच्या ठोक्याला सावली गायब!

बारा वाजले. सावली तिथंच. वीतभर, काळीकुळकुळीत, पश्चिमेला आडवी पडलेली.

पोरांनी सावलीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. एक आजी म्हणाल्या, "सर, हाय की ओ सावली." म्हटलं, जरा दम धरा. पाच मिनिटं गेली. पहार कलली असेल म्हणून पुन्हा ओळंबा लावला. मुख्याध्यापक म्हणाले, "त्या इंटरनेटवर काय, कोण काय पण टाकतंय," आणि जेवायला गेले. त्यांच्या मागोमाग निम्मी पोरं. घाम पुसत मीही म्हणालो, चला रे, आवरा.

तेवढ्यात सातवीतली एक पोरगी, जी कधीपासून पहारीपाशी उकिडवी बसली होती, ती म्हणाली, "सर, थांबा की. बारकी व्हायला लागलीया." तिनं काय केलं होतं, तर सावलीच्या टोकाशी दर थोड्या वेळानं एकेक खडा मांडला होता. कुणी सांगितलं नव्हतं. खड्यांची ओळ पहारीकडं सरकत चालली होती! मग आम्ही सगळेच बसलो. वीतभर होती ती चार बोटं झाली, मग दोन बोटं. मामाही येऊन बसले. साडेबाराला तिच्या हातातला खडा हातातच राहिला. ठेवायचा कुठं? टोकच नव्हतं. डोक्यावर रणरणतं ऊन, मधे उभी पहार, आणि सावली नाही. मामा म्हणाले, "गिळली की ओ!"

घरी येऊन साइट पुन्हा उघडली. तारखेच्या शेजारीच वेळ छापलेली. मी तारीख वाचली होती, वेळ वाचलीच नव्हती.

कारण सोपं आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेचं. कोल्हापूर तिच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तेहतीस मिनिटं उशीर. मे महिन्यात त्यातली तीनेक मिनिटं वजा होतात. नागपुरात सूर्य आपल्याआधी वीसेक मिनिटं डोक्यावर येतो. थोडक्यात, आपल्याकडं साडेबारा. पुन्हा सांगतो, बारा नव्हे, साडेबारा.

आता बाकीचं भराभर सांगतो. स्टेलॅरियम नावाचं, कुठल्याही गावाचं कुठल्याही दिवशीचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळतं. त्यात गाव कोल्हापूर टाका आणि १० नोव्हेंबरचा सूर्यास्त बघा. मग १ फेब्रुवारीचा बघा. सूर्य जवळपास त्याच जागी मावळतो, पश्चिमेच्या अठराएक अंश दक्षिणेला. सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो तो २१ डिसेंबरला; एक तारीख त्याच्या ४१ दिवस आधीची, दुसरी ४२ दिवस नंतरची. मावळत्या सूर्याची किरणं देवळात मूर्तीवर पडतात तो अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर का, हे पोरं स्वतःच सांगतात. तुम्ही फक्त गप्प बसायचं. शिक्षकाला हेच अवघड जातं, मला तर फारच.

पृथ्वीसाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा भूकंपांचा नकाशा आहे. गेल्या चोवीस तासांत जगात कुठं कुठं हादरलं ते ठिपक्यांनी दिसतं. त्यांच्याच जुन्या नोंदींत १० डिसेंबर १९६७ शोधा, कोयनेचा भूकंप सापडेल. आपल्याकडं तेव्हा ११ तारखेची पहाट होती, पण त्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेनं आहेत. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला लावा, त्या पहाटे काय झालं होतं. इस्रोचं भुवन नावाचं, उपग्रहातून घेतलेल्या चित्रांचं संकेतस्थळ आहे, त्यावर प्रयाग चिखलीचा नद्यांचा संगम वरून बघा. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट नावाचे खेळ आहेत, त्यातले बरेच मराठीत आहेत. एकात गुरुत्वाकर्षण बंद करता येतं. पृथ्वी सरळ सुटते, पोरं ओरडतात.

आणि हे सगळं बघायला महागडा डिजिटल फळा लागत नाही. काही शाळांत तो येतो आणि त्याच दिवशी त्याला कुलूप लागतं, वापरला तर झिजेल म्हणून! नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक दहा वर्षं न काढणारी माणसं असतात ना, त्यातलीच ही जात. पाहुणा बसला की चर्रचर्र आवाज येतो, तरी काढणार नाहीत. असो. एक साधा फोन पुरतो, आणि तोही मैदानात जायच्या आधीच. मैदानात पहार.

तर यंदा ६ मेच्या आसपास, दिवस एखाद्यानं पुढंमागं, आपल्या गावाची नेमकी तारीख बघून ठेवा. पहार नसली तर पाण्याची बाटली चालेल, तांब्या उपडा ठेवला तरी चालेल. पोरांना सावलीकडं बघू द्या, सूर्याकडं मुळीच नाही. आणि वेळ? साडेबारा. पंधरा मिनिटं आधी जा, आणि खिशात खडे ठेवा.

मुख्याध्यापकांना मी निरोप दिलाय. ते सव्वाबाराला येतो म्हणालेत, जेवून.

नमस्कार.