निळ्या चिन्हामागचं काम, आणि एका हरवलेल्या माइकची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते संगणकावरच्या ब्लूटूथबद्दल. हेडफोन कसा पेअर करायचा, माउस कसा जोडायचा, हे तुम्हा सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात जे छोटं निळं चिन्ह असतं, त्याच्यामागे कोण काय करतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. आणि तेही मुक्तस्रोत डेस्कटॉपबद्दल, म्हणजे केडीई किंवा ग्नोम यांच्यासारख्या डेस्कटॉपबद्दल, ज्यांचा कोड कुणीही उघडून वाचू शकतं आणि सुधारू शकतं. अशा डेस्कटॉपच्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर येते, तेव्हा नेमकं काय घडतं?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, आणि पुन्हा सांगणार आहे. डेस्कटॉपचं ब्लूटूथ सॉफ्टवेअर कधीही एकटं रिलीज होत नाही. त्याच्या खाली कुणीतरी असतं आणि शेजारीही कुणीतरी असतं.

खाली कोण? सगळ्यात तळाला ब्लूटूथची चिप आणि तिचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेला प्रोग्राम. त्यावर लिनक्सचा कर्नल, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यावर ब्लूझी नावाची सेवा. ब्लूझीच्या कोडचा एक भाग २००१ पासून खालच्या कर्नलमध्येही आहे, आणि लिनक्सवरचं जवळपास सगळं ब्लूटूथ तिच्यावरच उभं आहे. ही सेवा पडद्यावर दिसत नाही. डेस्कटॉपचा प्रोग्राम तिच्याशी डी-बस नावाच्या निरोपव्यवस्थेतून बोलतो : आसपास कोणती उपकरणं आहेत ते शोध, याला जोड, त्याला सोड. आणि शेजारी कोण? आवाज सांभाळणारा सर्व्हर. पूर्वी तो पल्सऑडिओ होता, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर आहे. हेडफोनमध्ये गाणं वाजतं ते निळ्या चिन्हाच्या प्रोग्राममधून जातच नाही, ते या आवाजाच्या सर्व्हरमधून जातं. तरीही गाणं अडलं की माणसं निळ्या चिन्हालाच बोल लावतात. त्यांचं काही चुकत नाही, कारण त्यांना तेवढंच दिसतं.

केडीईमध्ये हे चिन्ह सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे ब्लूडेव्हिल. २०१० मध्ये तो आला आणि केब्लूटूथ या जुन्या प्रोग्रामची जागा त्यानं घेतली. ग्नोमकडे हेच काम ग्नोम-ब्लूटूथ करतो. दोघंही खाली ब्लूझीशीच बोलतात.

आता गोष्ट सांगतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरबद्दल कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगतो, कारण रिलीज म्हणजे काय हे मला हिच्यातून समजलं.

साल २०१२, महिना डिसेंबर. ब्लूझीची पाचवी मोठी आवृत्ती बाहेर आली, ब्लूझी ५. ब्लूझीच्या मंडळींनी या वेळी धाडसी निर्णय घेतला होता. डेस्कटॉपनं सेवेशी कसं बोलायचं याचे जुने संकेत त्यांनी मोडीत काढले आणि नवे बसवले. घरातल्या सगळ्या कुलपांचे खटके एका रात्रीत बदलावेत आणि माणसांच्या हातात जुन्याच किल्ल्या राहाव्यात, तशी अवस्था झाली. जुना ब्लूडेव्हिल, जुना ग्नोम-ब्लूटूथ यांपैकी कुणालाही नव्या सेवेशी बोलता येईना. बरं, दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी चालवाव्यात, तर तेही जमणार नव्हतं. डी-बसवर दोघींचं नाव एकच, आणि एका नावावर एकच सेवा बसू शकते. ब्लूझी ४ तरी घ्या, नाहीतर ब्लूझी ५ घ्या. मधला रस्ता नाही.

हे त्यांनी उगाच केलं नव्हतं, हेही सांगायलाच हवं. जुन्या संकेतांमध्ये बरीच अडगळ साठली होती. एकच गोष्ट करायच्या अनेक पद्धती होत्या. उपकरण जोडायचं, तर हेडफोनसाठी वेगळी वाट, कीबोर्डसाठी वेगळी. नव्यामध्ये एकच सरळ हुकूम : जोड. शिवाय डी-बसवरच्या प्रत्येक इंटरफेसच्या, म्हणजे संकेतांच्या प्रत्येक संचाच्या, नावापुढे त्यांनी १ हा आकडा लावला, म्हणजे पुढे कधी बदल करावा लागलाच तर नवं २ क्रमांकानं आणता येईल आणि जुनंही चालू ठेवता येईल. त्या दिवसापासून आजपर्यंत ब्लूझीची पाचवीच मालिका चालू आहे, सहावी काढावी लागलेली नाही. यावरून त्या निर्णयाची किंमत ठरवता येते. टर्मिनलवरून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, ब्लूटूथ हाताळायचा ब्लूटूथसीटीएल हा हुकूमही याच आवृत्तीनं दिला, आणि मला तो फार आवडतो. चिन्ह रुसलं तरी तो सहसा बोलतो.

डेस्कटॉपवाले कामाला लागले. सप्टेंबर २०१३ मध्ये ग्नोम ३.१० आला तो ब्लूझी ५ घेऊन. केडीईमध्ये ब्लूडेव्हिलच्या दोन मालिका झाल्या. पहिली ब्लूझी ४ साठी, दुसरी ब्लूझी ५ साठी. आता वितरणं, म्हणजे लिनक्स आणि वरचं सगळं सॉफ्टवेअर एकत्र करून देणारे फेडोरासारखे संच, बांधणाऱ्यांची अवस्था बघा. एकाच वितरणात ग्नोमही असतो आणि केडीईही असतो. ग्नोमला पाच हवा. केडीईची पाचवाली मालिका अजून तयार होते आहे. आणि सेवा तर एकच ठेवता येते. म्हणजे एका डेस्कटॉपच्या रिलीजनं दुसऱ्या डेस्कटॉपच्या रिलीजची तारीख ठरवली. म्हणून म्हणतो, ब्लूटूथ सॉफ्टवेअर कधीही एकटं रिलीज होत नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये फेडोराची २० वी आवृत्ती ब्लूझी ५ घेऊन आली. कीबोर्ड चालत होते. माउस चालत होते. हेडफोनमध्ये गाणी वाजत होती. आणि मग कुणीतरी कॉल लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमचा आवाज येत नाही.

हेडफोन तोच. काल याच हेडफोनचा माइक चालत होता, आज त्याचा पत्ताच नाही. पडद्यावर निळं चिन्ह आहे, जोडलेलं आहे असं ते सांगतं आहे, आणि ते खोटंही बोलत नाही. जोडणी आहे. फक्त माइक हरवला आहे.

कुठे गेला माइक? हेडफोन संगणकाशी दोन वेगवेगळ्या रीतींनी बोलतो. गाण्यासाठी एक प्रोफाइल असतं, त्यात आवाज एकाच दिशेनं वाहतो, संगणकाकडून कानाकडे. संभाषणासाठी दुसरं प्रोफाइल असतं, त्यात आवाज दोन्ही दिशांना जातो. हे दुसरं प्रोफाइल मुळात टेलिफोनसाठी घडवलेलं. कॉल उचला, कॉल ठेवा, शेवटचा नंबर पुन्हा लावा, असले हुकूम त्यात असतात. ब्लूझीवाल्यांचं म्हणणं पडलं की हे टेलिफोनचं काम आहे, ते टेलिफोन सांभाळणाऱ्या सेवेनं करावं. ओफोनो नावाची तशी सेवा होतीही. म्हणून ब्लूझी ५ मधून त्यांनी हे प्रोफाइल काढूनच टाकलं. कागदावर विचार स्वच्छ होता. पण टेबलावरच्या संगणकात सिमकार्ड नाही, फोन नाही, आणि तिथे ओफोनो बसवून चालवायचं कुणाच्या मनातही आलेलं नव्हतं. नुसत्या माइकसाठी टेलिफोनची अख्खी यंत्रणा कोण उभी करणार?

त्या दिवसांतले ब्लूडेव्हिल आणि ग्नोमचे डेव्हलपर डोळ्यांसमोर आणा. तक्रारी त्यांच्याकडे येत होत्या, कारण चिन्ह त्यांचं. पण दुरुस्ती त्यांच्या हातात नव्हती. ब्लूझीनं काम सोडलं होतं, आणि ते उचलायचं होतं पल्सऑडिओला. पल्सऑडिओवर राबणारी माणसं थोडी आणि त्यांच्यासमोरची कामं ढीगभर. मार्च २०१४ मध्ये पल्सऑडिओ ५.० आला, त्यात ब्लूझी ५ वरची गाण्यांची वाट नीट बसली. माइक अजून नाहीच. तो आला फेब्रुवारी २०१५ मध्ये, पल्सऑडिओ ६.० बरोबर. ओफोनोशिवाय हेडसेट चालवायची सोय त्यांनी स्वतःच लिहिली.

तारखा पुन्हा ऐका. ब्लूझी ५ आला २०१२ च्या डिसेंबरात. माइक सरळपणे परतला २०१५ च्या फेब्रुवारीत. दोन वर्षांहून अधिक काळ एका बाजूला नवं, स्वच्छ, उत्तम सॉफ्टवेअर होतं आणि दुसऱ्या बाजूला कॉलवर ऐकू न जाणारी माणसं होती. दरम्यान काहींनी जुनं ब्लूझी ४ धरून ठेवलं, काहींनी वायरचा हेडफोन काढला. वायरचा हेडफोन प्रत्येकानं खणात ठेवावाच, हे माझं ठाम मत आहे, आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांनी त्याची खाच काढून टाकू नये. ज्या खाचेत काहीही पेअर करावं लागत नाही, तिच्याइतकी भरवशाची गोष्ट संगणकाला दुसरी नाही.

केडीईचा पुढचा टप्पा सांगून गोष्ट पुरी करतो. एप्रिल २०१५ मध्ये केडीईच्या डेस्कटॉपची, म्हणजे प्लाझ्माची, ५.३ ही आवृत्ती आली. ब्लूडेव्हिल आता ब्लूझेडक्यूटी या नव्या लायब्ररीवर बसवला होता. ही लायब्ररी ब्लूझीशी बोलायचं सगळं काम एका जागी आणते, म्हणजे उद्या खाली काही हललं तर दुरुस्ती तिथे करायची आणि वरच्या प्रोग्रामला फारसा हात लावायचा नाही. कोपऱ्यातलं चिन्हही नवं लिहिलं गेलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मागच्या दोन वर्षांत जिथे लागलं होतं, नेमकी तिथेच भिंत मजबूत केली गेली.

आता रिलीजच्या रोजच्या रीतीबद्दल, थोडक्यात. आधी नवीन सोयी घेणं थांबतं. मग पडद्यावरचे शब्द गोठवले जातात, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना स्थिर मजकूर मिळतो. बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, निघते, दोष येतात, दुरुस्त होतात. मग कोडचं गाठोडं बांधून त्यावर डिजिटल सही केली जाते, आणि वितरणांना ते थोडं आधी दिलं जातं, म्हणजे घोषणेच्या दिवशी त्यांची पॅकेजेस तयार असतात. शब्द गोठवण्याचा टप्पा घाईच्या वेळी मोडायचा मोह होतो. तो मोडू नये. पेअरिंग फसल्यावर दिसणारा एक ओळीचा निरोप हा ब्लूटूथच्या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर असतो. तो आपल्या भाषेत नसेल, किंवा ‘काहीतरी चुकलं’ एवढंच सांगत असेल, तर वापरणारा माणूस तिथेच अडतो. कोणतं उपकरण, काय झालं, आता काय करायचं, हे तीनही त्या ओळीत असलं पाहिजे.

आणि बीटा. माझी कळकळीची विनंती इथेच आहे. या प्रोग्रामांवर काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वयंसेवक असतात. त्यांच्याकडे जगातले सगळे हेडफोन नसतात. तुमच्याकडचा जुना कीबोर्ड, सहा अंकी आकडा दाखवण्याआधीच्या काळातला, ज्याला अजून पिन टाकावा लागतो, तो त्यांच्याकडे नाही. २००७ मध्ये ब्लूटूथ २.१ आलं आणि पेअरिंगची सोपी पद्धत आली, पण त्याआधीची उपकरणं अजून चालतात, आणि नव्या आवृत्तीत ती बंद पडली तर ते फक्त तुम्हालाच कळेल. म्हणून बीटा निघाली की जुनी उपकरणं बाहेर काढा. जोडा, सोडा, पुन्हा जोडा. संगणक झोपवा, उठवा, आणि माउस आपणहून परत येतो का ते पाहा. झोपेतून उठल्यावरची जोडणी ही या सॉफ्टवेअरची दुखरी जागा आहे. हेडफोनवर नुसतं गाणं लावू नका, कॉलही करून पाहा. मी का सांगतो आहे ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

दोष सापडला तर कळवताना उपकरणाचं नाव आणि मॉडेल लिहा. ब्लूझीची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती आणि आवाजाच्या सर्व्हरची आवृत्ती लिहा. तीनही लिहा, कारण दोष त्यांपैकी कुठेही असू शकतो. डेव्हलपरनं मागितलं तर बीटीमॉन हा हुकूम चालवून चिप आणि संगणक यांच्यातलं बोलणं फाइलमध्ये नोंदवता येतं. दोष शोधायला यासारखं साधन नाही.

पण ही नोंद करताना एक काळजी घ्या, आणि हे नीट ऐका. हवेतून जाणारा मजकूर सांकेतिक असतो, पण ही नोंद होते ती संगणकाच्या आत, जिथे मजकूर उघडा असतो. ब्लूटूथच्या कीबोर्डवर तुम्ही जे टाइप कराल ते सगळं त्या फाइलमध्ये जातं. म्हणून नोंद चालू असताना त्या कीबोर्डवर पासवर्ड टाइप करू नका. जोडणीची गुप्त किल्लीही त्या फाइलमध्ये असू शकते. तेव्हा फाइल पाठवून झाली की उपकरण यादीतून काढून टाका आणि नव्यानं पेअर करा, म्हणजे जुनी किल्ली कुणाच्या हाती पडली तरी तिचा उपयोग होणार नाही. आणि ती फाइल सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवण्याऐवजी, डेव्हलपरला विचारून त्याच्याकडेच पाठवा.

नमस्कार.