दुसऱ्या तारेवरचे तीन स्वर

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका इमारतीत अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी गेले काही महिने संध्याकाळी एकाच रचनेचा रियाझ करतो आहे. ती रचना म्हणजे 'इरप्शन'. अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांचे 1 मिनिट 42 सेकंदांचे हे एकल गिटारवादन 1978 साली त्यांच्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये प्रसिद्ध झाले. मुळात हात मोकळे करण्यासाठी ते जे वाजवत असत, ते निर्माते टेड टेम्पलमन यांच्या कानावर पडले आणि ध्वनिमुद्रित झाले.

ऐकणाऱ्याला थक्क करतो तो त्याचा शेवटचा भाग. दोन्ही हातांची बोटे तारेवर आपटून वाजवण्याचे हे तंत्र, म्हणजे टॅपिंग, व्हॅन हेलन यांच्याआधीही काही वादकांनी वापरले होते. परंतु जगभरच्या मुलांना त्याचे वेड लावले ते याच वादनाने. हा भाग जिथे सुरू होतो, तिथे प्रत्यक्षात तीनच स्वर आहेत. दुसऱ्या तारेवर उजव्या हाताचे बोट नवव्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आपटते, ते ओढून सोडताच दुसऱ्या फ्रेटवर आधीच दाबून ठेवलेल्या डाव्या तर्जनीचा स्वर उमटतो, आणि लगोलग डावी करंगळी पाचव्या फ्रेटवर पडते. डाव्या हाताच्या या दोन फ्रेटमधले अंतर नेहमीच्या साडेपंचवीस इंची गिटारवर सुमारे 9 सेंटीमीटर भरते, त्यामुळे नवशिक्याची करंगळी पहिल्या आठवड्यातच तक्रार करू लागते. मूळ वादनात सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरवलेल्या आहेत. तेवढ्याने तारेचा ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो आणि बोटांचे काम थोडे हलके होते, ही बाब अनेक विद्यार्थी विनाकारण दुर्लक्षित ठेवतात.

तीन-तीन स्वरांची ही गुंफण मोजण्यासाठी या विद्यार्थ्याच्या शिक्षकांनी तबल्याची वाट धरली. 'तकिट, तकिट' असे तोंडाने म्हणत, मिनिटाला 60 ठोके देणाऱ्या मेट्रोनोमच्या प्रत्येक ठोक्याला एक तकिट वाजवले, की सेकंदाला तीन स्वर होतात. दुगुणीत सहा आणि चौगुणीत बारा. कागदावर हा हिशोब सोपा दिसतो. प्रत्यक्षात ठायीत, म्हणजे मूळ संथ लयीत, निर्दोष वाजणारा हात दुगुणीत अचानक अडखळतो, कारण संथ लयीत बोटे तारेपासून हवी तेवढी उंच उचलायला भरपूर वेळ असतो आणि तीच सवय अंगवळणी पडते. म्हणून संथ रियाझ करायचा तो वेगवान वादनाच्याच हालचालींनी: बोट तारेच्या अगदी जवळ ठेवून, मनगट सैल सोडून. दिवसाला चार ठोक्यांनी मेट्रोनोम वाढवत राहणाऱ्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा असला, तरी हालचाल न बदलता लय वाढवणे म्हणजे चुकीचाच सराव पक्का करणे होय.

त्याच्या जोडीला दुसरा उपाय वापरला जातो. एकच तकिट पूर्ण वेगात वाजवून थांबायचे, खांदा आणि अंगठा आवळला गेला आहे का ते पाहायचे, मग दोन तकिट, मग चार. गणेशोत्सवात ढोल पथकात वाजवणाऱ्या या मुलाला हेच सर्वांत जड गेले. नाशिक ढोलाला खांद्यातून उतरणारी ताकद लागते, तर इथे तार फ्रेटला टेकवण्यापुरता दाब पुरतो आणि त्याहून अधिक दिलेली प्रत्येक ताकद वेग खाते.

डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाटका आणि जाड करणाऱ्या परिणामामुळे, हळू आपटलेला स्वरही ठसठशीत ऐकू येतो. दुर्दैवाने नको असलेल्या तारांची गुणगुणही तितकीच ठसठशीत होते. म्हणून तारेवर टेकलेला तळहात आणि तर्जनीच्या बाजूचा हलका स्पर्श यांनी उरलेल्या तारा गप्प ठेवाव्या लागतात. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून केलेल्या सरावात हे दोष झाकले जातात. शेजाऱ्यांचा विचार करून हा विद्यार्थी हेडफोन लावतो. पण डिस्टॉर्शन मात्र चालूच ठेवतो.

हवामानाचाही यात वाटा आहे. पावसाळ्यात पोलादी तारा लवकर गंजतात, आणि निफाडच्या पाऱ्याची बातमी वर्तमानपत्रात झळकू लागली, की इकडे शहरातही सकाळी बोटे आखडलेली असतात. तेव्हा थेट वेगात शिरण्याआधी कोमट पाण्यात हात धरणे आणि मग दहा-पंधरा मिनिटे साधे अलंकार वाजवणे हा त्याचा नेम झाला आहे.

सध्याची अडचण रचनेचे दोन भाग जोडण्याची आहे. टॅपिंगच्या आधीच्या भागात पिकने (तार छेडण्याच्या छोट्या चकतीने) तार अतिशय वेगाने छेडावी लागते, आणि पुढच्याच क्षणी तेच पिक तळहातात दडवून तर्जनी मोकळी करावी लागते. दोन्ही भाग सुटे सुटे नीट वाजतात. जोडताना मात्र लय अर्ध्या मात्रेने घसरते. त्यामुळे आता रोजचा बहुतेक वेळ त्या जोडावरच जातो: आधीचा शेवटचा स्वर, पिक आत, पहिले तकिट, आणि पुन्हा तेच, मेट्रोनोम 60 वर ठेवून.