आरवलीचे जयवंत दळवी

(दृश्य : वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणारा रस्ता. माड, काजू, चिऱ्याचे गडगे.)

वेंगुर्ल्याहून रेडीच्या रस्त्याला लागलं की मोचेमाड मागे पडतं आणि पुढे आरवली येतं. येणारा-जाणारा थांबतो तो वेतोबाच्या देवळापाशी. माणसाहून उंच मूर्तीकडे बघून झालं की नजर खाली चपलांवर येते. जाड चामड्याच्या, कुणाच्याही पायात ढगळ होतील एवढ्या मोठ्या, नवस फेडायला आणलेल्या चपला. रात्री वेतोबा गावाच्या वेशीवरून फिरतो, राखण करतो, त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी इथली श्रद्धा. मग कुणी वहाणा वाहतं, कुणी केळीचा अख्खा घड. आणि देवापुढे गाऱ्हाणं घातलं जातं, ‘बा देवा म्हाराजा…’ म्हणून. मनातलं सगळं मोठ्यानं सांगायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साथ द्यायची.

कादंबरीकार, नाटककार जयवंत द्वारकानाथ दळवी या गावचे. जन्म १४ ऑगस्ट १९२५, गोव्यातल्या हडफड्याला. पण गाव, घर, माणसं ही आरवलीची. शेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिक्षक होते. मे १९३० मध्ये तिथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा दळवी पाच वर्षांचेही नव्हते. मंगेश पाडगांवकर आणि चिं. त्र्यं. खानोलकर हेही याच वेंगुर्ले परिसरातले. एवढ्याशा टापूत इतकं लिहिणारं माणूस निपजलं, याचा अभिमान इथे आजही आहे, आणि तो असायलाच हवा.

(दृश्य : कौलारू घर. खळं, ओटी, आतला अंधार.)

कोकणातलं जुनं घर बाहेरून आत बघत जावं. ओटीवर गप्पा रंगतात. भट, मास्तर, शेजारी, वाटेनं जाणारा कुणीही येऊन टेकतो. नावं ठेवणं, टोपणनावं पाडणं, हसणं, सगळं तिथे. माजघरात मात्र आवाज खाली जातो. तिथे केशवपन केलेली आत्या असते, लग्न न झालेली बहीण असते, डोक्यावर परिणाम झालेला काका असतो. पाहुणा आला की तिकडचं दार ओढून घेतात.

‘सारे प्रवासी घडीचे’ हे दळव्यांचं १९६४चं पुस्तक ओटीवरचं. गावातली एकेक तऱ्हेवाईक माणसं भेटत जातात आणि वाचणारा पोट धरून हसतो. पण नीट वाचलं तर त्या हसण्यामागे माजघराचं दार किलकिलं दिसतं. दळव्यांबद्दल बोलताना ‘विनोदी दळवी’ आणि ‘गंभीर दळवी’ अशी वाटणी करायची सवय आपल्याला लागली आहे. ती मला पटत नाही. ओटी आणि माजघर एकाच छपराखाली असतात, आणि दळव्यांना दोन्हीकडे मुक्त प्रवेश होता.

(दृश्य : जुनी मुंबई. वर्तमानपत्राचा छापखाना, ट्राम.)

कोकणातल्या असंख्य तरुणांसारखे तेही मुंबईला आले. ‘प्रभात’, ‘लोकमान्य’ या वर्तमानपत्रांत काम केलं, मग यूसिसमध्ये, म्हणजे अमेरिकन माहिती खात्यात, बरीच वर्षं नोकरी केली. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावानं त्यांनी सदर चालवलं, ‘घटका गेली पळे गेली’. सुमारे वीस वर्षं मराठी लेखक, प्रकाशक, समीक्षक महिन्याच्या महिन्याला या ठणठणपाळाच्या तावडीत सापडत होते. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी त्याचं चित्र काढलं, हातात भला थोरला हातोडा घेतलेला. आणि टोला ज्याला बसला तोच पुढचा अंक आधी मागवायचा.

याच माणसानं १९६३ साली ‘चक्र’ ही कादंबरी लिहिली. मुंबईतल्या झोपडपट्टीत भूक आणि वासना माणसाला कुठे नेऊन सोडतात, ते त्यात आहे. कसलाही आडपडदा नाही, आणि त्या माणसांना कमी लेखणंही नाही. १९८१ साली त्यावर हिंदी चित्रपट आला आणि त्यातल्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘महानंदा’मध्ये ते पुन्हा आपल्या मुलखात परतले, देवळाशी बांधल्या गेलेल्या भाविणीच्या घरात. त्या कादंबरीवरून शं. ना. नवरे यांनी ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक लिहिलं.

(दृश्य : रिकामा रंगमंच. एक खुर्ची, एक टेलिफोन.)

दळवी स्वतः नाटकाकडे वळले ते ‘संध्याछाया’मध्ये, १९७३ साली. दिग्दर्शन विजया मेहता यांचं. नाना आणि नानी, म्हातारं जोडपं. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. घरात करायला काही उरलेलं नाही, तेव्हा कुणीतरी यावं, कुणीतरी बोलावं, याचीच वाट बघत बसणं.

इथे जरा थांबायला हवं. हे नाटक शहरी म्हातारपणाचं म्हणून ओळखलं जातं, आणि ते आहेच. पण वाट बघणारे आईबाप दळव्यांनी पहिल्यांदा कुठे पाहिले असतील? त्या काळात कोकणातल्या घराघरातून मुलगा मुंबईला गेलेला. महिन्याला मनीऑर्डर यायची, वर्षाकाठी गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमानी यायचा, आणि मधले सगळे दिवस म्हातारी ओटीवर बसून रस्त्याकडे बघायची. पुढे त्या चाकरमान्याचाच मुलगा अमेरिकेला गेला, आणि वाट बघायची पाळी मुंबईतल्या बापावर आली. गाव बदललं, अंतर वाढलं. ओटीवरचं ते बसणं तेच राहिलं. माझ्या मते ‘संध्याछाया’चं मूळ शिवाजी पार्कापेक्षा आरवलीच्या जवळ आहे. फरक एवढाच की नाना-नानींच्या गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला मागे कुणी उभं नाही. शेवटी दोघं झोपेच्या गोळ्या घेतात. त्या काळच्या प्रेक्षकाला हे केवढं जड गेलं असेल!

मग १९७७ साली ‘बॅरिस्टर’. आपल्याच ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून त्यांनी ते बेतलं. विलायतेहून शिकून आलेला, सुधारणेची भाषा बोलणारा बॅरिस्टर. घरात केशवपन केलेली मावशी. शेजारी राधा, ऐन तारुण्यात वैधव्य आलेली. बॅरिस्टरला तिच्यासाठी उभं राहायचं आहे, पण घराण्यात वेड आहे आणि ते एक दिवस आपल्यालाही गाठणार, ही धास्ती त्याला पोखरत असते. विक्रम गोखल्यांचा बॅरिस्टर ज्यांनी पाहिला ते आजही त्याबद्दल तासन्‌तास बोलतात. पुढे विजया मेहता यांनी यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला आणि त्यातल्या मावशीसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कादंबरीचं नाटक करताना दळवी निर्दयपणे कापत. कादंबरीत पसरलेलं गाव गळून जाई; उरे एक घर आणि चार-पाच माणसं. संवाद रोजच्या बोलण्यातले, आखूड. भाषणं ठोकणारं पात्र त्यांच्याकडे सहसा सापडायचं नाही. मोठा स्फोट व्हायच्या आधी त्यांची माणसं चहा, औषध, जेवण यांबद्दल बोलत असतात, आणि त्या साध्या बोलण्यातच प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो.

‘सूर्यास्त’मध्ये निळू फुल्यांनी म्हातारा गांधीवादी अप्पाजी उभा केला, ज्याचा मुलगाच सत्तेच्या खुर्चीवर आहे. ‘पुरुष’मध्ये पुढारी गुलाबराव शिक्षिका असलेल्या अंबिकेवर बलात्कार करतो आणि शेवटी तीच त्याला शिक्षा देते. नाना पाटेकर आणि रीमा लागू यांचे ते प्रयोग मराठी रंगभूमीवर गाजले. ‘नातीगोती’ हे मतिमंद मुलाच्या आईवडिलांचं नाटक. आपल्यामागे याचं कोण बघणार, हा प्रश्न कितीतरी घरांत दार लावून विचारला जात होता. दळव्यांनी तो भरल्या नाट्यगृहात विचारला. त्यांच्या सगळ्या नाटकांत मला हे सर्वांत मायेचं वाटतं.

(दृश्य : आरवलीचा समुद्रकिनारा, दिवसाची वर्दळ.)

१६ सप्टेंबर १९९४ रोजी मुंबईत दळवी गेले. त्यानंतर दहा वर्षांनी त्यांच्या ‘दुर्गी’ या नाटकावरून ‘उत्तरायण’ हा चित्रपट आला. उतारवयात पुन्हा भेटलेल्या दोन माणसांची ती गोष्ट, शिवाजी साटम आणि नीना कुलकर्णी यांनी साकारलेली.

दळवी अजून वाचलेच नसतील त्यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’पासून सुरुवात करावी. मनसोक्त हसून झालं की फार दिवस जाऊ न देता ‘अंधाराच्या पारंब्या’ हातात घ्यावी. आणि त्यातली माणसं आधी कुठे भेटली होती, ते आठवून बघावं.