व्होल्ट दाखवतंय, पण अँपिअर किती?

नमस्कार मंडळी. आज समोर ट्रेकवाले पण बसलेत आणि शेतात झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र) लावलेले शेतकरी पण, आणि दोघांची तक्रार अगदी एकच असते, की सोलर पॅनल नवीन आहे, मीटर लावला की 20-21 व्होल्ट दाखवतंय, मग बॅटरी का भरत नाही? आज मी फक्त एवढ्यावरच बोलणार आहे, कारण नुसते व्होल्ट बघून पॅनलला पास-नापास करायची सवय आपण सोडायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. करंट, म्हणजे अँपिअर, मोजा. आणि तो नेमका कुठे मोजला तेही सांगा, निम्मा घोळ तिथेच होतो.

काही जोडलेलं नसताना पॅनलच्या वायरींवर जे व्होल्टेज येतं ना, ते उजेड कमी-जास्त झाला तरी फार हलत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, आभाळ आलेलं असताना, 36 सेलचं आपलं नेहमीचं 12 व्होल्टवालं पॅनल 19 व्होल्ट सहज दाखवतं. करंट मात्र उजेडाच्या सरळ प्रमाणात असतो, उजेड निम्मा तर करंट निम्मा. विहिरीत पाणी दिसतंय म्हणून पंप तासाला किती पाणी फेकतो ते कळत नाही, तसं आहे हे.

पॅनल उलटं करा, मागे स्टिकर असतो. साधारण 100 वॅटच्या घडीच्या पॅनलवर ओपन सर्किट (काही न जोडता) 21.6 व्होल्ट, शॉर्ट सर्किट (प्लस-मायनस थेट एकत्र करून) 5.9 अँपिअर, आणि कमाल पॉवरला 18 व्होल्ट, 5.56 अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं, थोडं इकडे तिकडे. हे आकडे लॅबमधले असतात, म्हणजे चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश. आता मला सांगा, एप्रिलमध्ये दुपारी काळं पॅनल 25 अंशाला कुठे राहणार, ते 60-65 ला जातं. त्यामुळे 100 वॅटच्या पॅनलमधून प्रत्यक्षात 70-80 वॅट मिळाले तर कंपनीने फसवलं असं लगेच म्हणू नका.

पहिली टेस्ट शॉर्ट सर्किट करंटची. हे ऐकून लोक घाबरतात. पण पॅनलचा प्लस-मायनस थोडा वेळ एकत्र केला तर पॅनलला काही होत नाही, शॉर्ट केल्यावर सुद्धा ते स्टिकरवरच्या त्या आकड्याच्या आसपासच करंट देतं, भरमसाट नाही. बॅटरीचं तसं नाही, बॅटरी शॉर्ट केली तर शेकडो अँपिअर येतात, वायर लाल होते, हात भाजतो. म्हणून बॅटरी, कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारी डबी) सगळं आधी काढून ठेवायचं आणि फक्त पॅनल आणि मीटर. मीटरचा लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात घाला, नॉब डीसी 10 अँपिअरवर, पॅनलवर एखादा जाड टॉवेल टाका, दोन्ही प्रोब पॅनलच्या दोन वायरींना नीट लावा, मग टॉवेल काढा आणि आकडा वाचा. तो स्वस्तातला पिवळा मीटर असेल तर त्याच्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की 10 अँपिअरवर 10 सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, ते खरंच पाळा, बऱ्याच मीटरला त्या भोकाला फ्यूजच नसतो. दोन पॅनल पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून, असतील तर सुटी करून एकेक मोजा, नाहीतर 11-12 अँपिअर होतात आणि मीटर जातो.

आणि एक गोष्ट आजच्या दिवसात बाकी काही विसरलात तरी चालेल पण ही विसरू नका. करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच परत व्होल्टच्या भोकात टाका. तो 10 अँपिअरवर राहिला आणि नंतर कोणी सहज बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलं, तर तो मीटर म्हणजे बॅटरीवर टाकलेली सरळ वायरच.

आकडा कमी आला तर आधी कोन बघा. साधी युक्ती आहे, पेन किंवा पेन्सिल पॅनलवर काटकोनात उभी धरायची, तिची सावली पूर्ण नाहीशी होईपर्यंत पॅनल हलवायचं, झालं, पॅनल सूर्याच्या बरोबर समोर आलं. 30 अंश चुकलात तर 13 टक्के जातात, 60 अंश चुकलात तर निम्मे. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीच्या दिवशी दुपारी पॅनल सपाट ठेवलं तरी चालतं कारण सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, पण डिसेंबरअखेरीस तोच सूर्य भर दुपारीही जेमतेम 48 अंश वर चढतो, तेव्हा सपाट ठेवलेलं पॅनल पाव हिस्सा करंट घालवतं. ट्रेकला सॅकच्या पाठीवर पॅनल लटकवून चालणाऱ्यांनी तर चालताना मिळणारा करंट हिशोबात धरूच नये, वळणावळणावर कोन बदलतो. सावलीचं त्याहून वाईट. सेल एकामागे एक सिरीजमध्ये असतात त्यामुळे एका सेलवर फांदीची नाहीतर टेंटच्या दोरीची सावली आली तरी अख्ख्या ओळीचा करंट तेवढाच खाली येतो. हात फिरवून बघा, मीटरवर लगेच दिसतं.

बॅटरी चार्ज होत असताना चालू करंट मोजायचा तर मला स्वतःला क्लॅम्प मीटर आवडतो, त्याचा जबडा वायरीभोवती नुसता लावायचा, वायर तोडायची गरज नाही. पण घेताना विचारून घ्या की डीसी करंट मोजतो का. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो साधा क्लॅम्प फक्त एसीवर चालतो, आपल्या पॅनलला तो शून्यच दाखवणार. डीसीवाल्यात हॉल सेन्सर, म्हणजे वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा भाग, असतो. एकच वायर जबड्यात घ्यायची, प्लस-मायनस दोन्ही घेतल्या तर एकमेकींना मारतात आणि परत शून्य. वायर आत घ्यायच्या आधी झिरोचं बटण दाबा. आणि करंट फारच कमी असेल तर तीच वायर जबड्यातून पाच वेळा गुंडाळून आलेल्या आकड्याला पाचने भागा, छोट्या पॅनलला याचा खूप उपयोग होतो.

आता कुठे मोजायचं. पॅनल ते कंट्रोलर एक जागा, कंट्रोलर ते बॅटरी दुसरी. कंट्रोलर पीडब्ल्यूएम (पॅनल बॅटरीला जवळजवळ थेट जोडणारा साधा प्रकार) असेल तर दोन्हीकडे साधारण तेवढाच करंट दिसेल, 5.5 अँपिअर आत, 5.5 बाहेर, पण बॅटरी 13 व्होल्टला आहे म्हणजे प्रत्यक्षात 72 वॅटच गेले, उरलेले वापरलेच गेले नाहीत. एमपीपीटी (पॅनलची कमाल पॉवर काढून घेणारा प्रकार) असेल तर पॅनलकडे 5 आणि बॅटरीकडे साडेसहा दिसू शकतात, कारण तो जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलतो. त्यामुळे कोणी मला फोनवर नुसतं "पाच अँपिअर येतायत" असं सांगितलं की मी पहिलं विचारतो, कुठल्या बाजूला, आणि कंट्रोलर कुठला.

आत्ता एक काका विचारतायत की सकाळी चांगला चालतो आणि दुपारी करंट पडतो, ऊन तर दुपारी जास्त असतं, मग असं का. काका, तुमची वायर किती जाड आहे? बघा, पॅनल तापलं की करंट फारसा कमी होत नाही, व्होल्टेज पडतं, 40 अंशांनी तापलं तर 18 चे 15 व्होल्ट होतात. आता पॅनल उन्हात आणि बॅटरी सावलीत हवी म्हणून आपण 10 मीटर वायर टाकतो, जाऊन-येऊन 20 मीटर झाली. ती 0.75 चौरस एमएमची पातळ वायर असेल तर 5.5 अँपिअरला पावणेतीन व्होल्ट आणि जवळजवळ 15 वॅट वायरीतच जातात. मग बॅटरीपर्यंत उरतं काय? ती 14 व्होल्टकडे जायला लागली की करंट घसरणारच. तीच वायर अडीच चौरस एमएमची टाका, नुकसान 1 व्होल्टच्या आत येतं. पॅनल बदलायच्या आधी वायर बदला, खूप स्वस्तात काम होतं.

दुसरं कारण म्हणजे बॅटरी भरत आलेली असते. भरत आली की कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो, पॅनल बिचारं तयार असतं पण घेणारं कोणी नसतं. म्हणून टेस्ट नेहमी अर्धी रिकामी बॅटरी किंवा अर्धी रिकामी पॉवर बँक लावून करा. 90 टक्के भरलेल्या मोबाईलवर यूएसबी पॅनल तपासलं तर काही अर्थ नाही. यूएसबीवाल्यांनी छोटा यूएसबी टेस्टर घ्यावा, व्होल्ट-अँपिअर दोन्ही दाखवतो, आणि ढग येऊन गेल्यावर करंट परत चढला का ते बघावं, काही फोन एकदा खाली आले की तिथेच अडकतात, केबल काढून परत लावावी लागते.

पण हे सगळे एका क्षणाचे आकडे. दिवसभरात काय जमलं हे पाहिजे असेल तर वायरीत जोडायचा वॉट मीटर लावा, तो अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) आणि वॅट-अवर (वॅट गुणिले तास) मोजत राहतो. मीटरची सोर्सची (वीज आत येण्याची) बाजू कंट्रोलरकडे, लोडची (वीज बाहेर जाण्याची) बाजू बॅटरीकडे. पॅनलच्या बाजूला लावू नका, कारण तिथे तो पॅनलवरच चालतो, सूर्य मावळला की मीटर बंद आणि दिवसभराचा आकडा गेला.

झटका मशीनवाल्यांसाठी हाच मीटर सगळ्यात कामाचा. मशीन साधारण सेकंदाला एक झटका देतं त्यामुळे साध्या मीटरवर आकडा नुसता उड्या मारतो, वाचताच येत नाही. त्यापेक्षा बॅटरी आणि मशीनच्या मधे वॉट मीटर टाका, आता सोर्स बॅटरीकडे, संध्याकाळी चालू करा आणि सकाळी अँपिअर-अवर लिहून घ्या. (आणि हात जोडून सांगतो, घरच्या लाईटची तार थेट कुंपणाला कधीच लावू नका, त्याने माणसं मेली आहेत.) मशीन दिवसापण चालू ठेवत असाल तर तेवढं पण धरा. मग पॅनलने दिवसात किती अँपिअर-अवर भरले ते याच्याशेजारी लिहा. भरलेलं हे खर्चापेक्षा उन्हाळ्यात दीडपट-दुप्पट यायला हवं, कारण जुलैमधल्या ढगाळ आठवड्यात हाच करंट चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो, तेव्हा मशीन बॅटरीच्या शिलकीवरच चालणार आहे. जे आकडे येतील ते मला पाठवा, त्यावरून पॅनल मोठं हवं की बॅटरी ते सांगता येईल.